दलालाविना घरविक्री आणि तिचा खरा खर्च

स्थावर मालमत्तेची विक्री हा बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा येणारा प्रसंग होय. धान्य, कापड अथवा रोखे यांच्या बाजारात विक्रेता नित्य उभा असतो. घरांच्या बाजारात तो अननुभवी म्हणूनच प्रवेश करतो आणि व्यवहार संपताच तेथून निघून जातो. त्याने विक्रीस काढलेली वस्तू मात्र सामान्यतः त्याच्या आयुष्यभराच्या संचिताचा सर्वांत मोठा हिस्सा असते. निवृत्तीनंतर मोठी सदनिका विकून लहान घेणारे दांपत्य, वडिलांच्या घराची वाटणी करू पाहणारी भावंडे, आजारपणासाठी घर मोकळे करावे लागणारे कुटुंब, यांच्या दृष्टीने किमतीतील दोन टक्क्यांचा फरक ही क्षुल्लक बाब ठरत नाही. दलालाला ही रक्कम का द्यावयाची, असा प्रश्न अशा प्रत्येक घरात उपस्थित होतो आणि पुष्कळदा "आपणच ग्राहक शोधू" असे त्याचे उत्तर दिले जाते.

हे उत्तर चूक आहे असे म्हणता येत नाही. तथापि ते अपुरे आहे. दलाल वगळला म्हणजे त्याचा मोबदला वाचतो हे उघड आहे. तो करीत असलेली कामे मात्र नाहीशी होत नाहीत. ती मालकाकडे येतात व त्यांचा खर्च मालकाला निराळ्या रूपाने सोसावा लागतो. हा खर्च केव्हा दलालीहून कमी असतो व केव्हा अधिक, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. उदाहरणासाठी महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतील जुन्या सदनिकेची पुनर्विक्री घेतली आहे, कारण शहरी भागात हा व्यवहार सर्वाधिक परिचयाचा आहे.

व्यवहार-खर्चाची कल्पना

बाजारातील देवघेव ही स्वतःच खर्चाची बाब आहे, हा विचार रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली उद्योगसंस्थेच्या स्वरूपाविषयीच्या आपल्या निबंधात मांडला आणि १९६० साली सामाजिक परिव्ययाविषयीच्या निबंधात त्याचा विस्तार केला. पुढे १९७९ मध्ये कार्ल डालमन यांनी या खर्चाची तीन गटांत विभागणी केली : शोध व माहिती यांचा खर्च, बोलणी व निर्णय यांचा खर्च, आणि कराराची देखरेख व अंमलबजावणी यांचा खर्च. घरविक्रीच्या चर्चेस ही विभागणी विशेष उपयुक्त आहे. ग्राहक मिळविणे व योग्य किंमत ओळखणे हा पहिला गट. किंमत, हप्ते व ताबा यांविषयी घासाघीस करणे हा दुसरा. आणि इसार दिल्यापासून खरेदीखताची नोंदणी होऊन पूर्ण रक्कम हाती पडेपर्यंतचा सर्व सांभाळ हा तिसरा.

'दलाल' हा शब्द मूळ अरबी असून वाट दाखविणे या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे. आज मराठीत त्याला निंदेची छटा चिकटली असली तरी मूळ अर्थ आर्थिक दृष्ट्या नेमका आहे. दलालाच्या पदरी विकण्यासारखी वस्तू नसते. कोण विकू इच्छितो, कोण घेऊ इच्छितो आणि काय भावाने सौदा होईल, ही माहितीच त्याचे भांडवल होय. यास्तव दलाली म्हणजे मुख्यतः माहितीची किंमत, असे म्हणावयास हरकत नाही.

दोन्ही मार्गांनी येणारे खर्च

दलालाविना विक्रीच्या हिशेबात नेहमी होणारी पहिली गल्लत अशी की, दलालाशी ज्यांचा संबंध नाही असे खर्चही त्याच्या माथी मारले जातात अथवा तो नसला तर तेही टळतील असे गृहीत धरले जाते. वस्तुतः सर्वांत मोठे खर्च कायद्याने ठरविलेले आहेत व ते कोणत्याही मार्गाने अटळ आहेत.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या मूर्त स्थावराची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. या दस्तावर मुद्रांक शुल्क द्यावे लागते. २०२५ मध्ये पुणे शहरात स्थानिक संस्थेचा कर व मेट्रो अधिभार धरून या शुल्काचा सामान्य दर ७ टक्के व मुंबईत ६ टक्के होता. खरेदीदार केवळ स्त्रिया असल्यास निवासी घरासाठी एक टक्क्याची सवलत होती. नोंदणी शुल्क एक टक्का, परंतु कमाल ३०,००० रुपये. १९५८ च्या महाराष्ट्र मुद्रांक कायद्याप्रमाणे, उलट करार नसल्यास, विक्रीच्या दस्ताचे शुल्क खरेदीदाराने द्यावयाचे असते. परंतु शुल्क कोणी भरले यावरून त्याचा भार कोणावर पडला हे ठरत नाही. खरेदीदार आपल्या ऐपतीतून शुल्काची रक्कम आधी बाजूला काढतो आणि उरलेल्या रकमेतून किंमत देऊ करतो. त्यामुळे भाराचा काही अंश विक्रेत्याकडे सरकतोच.

दुसरा खर्च गृहनिर्माण संस्थेचा. सभासदत्व व भाग हस्तांतरित करताना संस्था प्रवेश फी, हस्तांतरण फी व अधिमूल्य आकारते. ९ ऑगस्ट २००१ च्या शासकीय परिपत्रकाने महानगरपालिका क्षेत्रासाठी अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये ठरविली. इमारत निधी वा ऐच्छिक देणगी या नावाखाली त्याहून अधिक मागणी झाल्याची उदाहरणे न्यायालयांपर्यंत गेलेली आहेत. ही रक्कम कोणी द्यावयाची हे बोलणीत ठरत असल्याने, ती आरंभीच स्पष्ट न केल्यास शेवटच्या आठवड्यात वादाचे कारण होते.

तिसरा खर्च प्राप्तिकराचा. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दर लागू झाला. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन व इमारतींच्या बाबतीत निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्के दराने येणाऱ्या कराशी तुलना करण्याची मुभा ठेवण्यात आली. किंमत पन्नास लाख रुपये वा अधिक असेल तर खरेदीदाराने एक टक्का रक्कम कापून सरकारात भरावयाची असते. ही कपात म्हणजे वेगळा कर नव्हे, तो आगाऊ भरणा आहे. परंतु खरेदीदाराने ती वेळेवर भरली नाही तर विक्रेत्याच्या खाती ती दिसत नाही व त्याला पाठपुरावा करावा लागतो. दलाल असो वा नसो, हे सर्व तसेच राहते.

दलालीचे स्वरूप

२०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्री घडवून आणणाऱ्या मध्यस्थांना नोंदणी सक्तीची केली आणि महाराष्ट्राच्या नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षा यांची अट घातली. परंतु एका व्यक्तीने दुसरीस जुनी सदनिका विकण्याचा व्यवहार सामान्यतः या चौकटीबाहेर राहतो. महाराष्ट्रात दलालीचा दर कायद्याने ठरलेला नाही. तो रूढीने व बोलणीने ठरतो. विक्रीच्या व्यवहारात प्रत्येक पक्षाकडून किमतीच्या एक ते दोन टक्के ही शहरांतील सर्वसाधारण रूढी आहे. दलाल वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असेल तर त्याच्या मोबदल्यावर १८ टक्के कर वेगळा द्यावा लागतो.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. भांडवली नफा काढताना विक्रीसाठीच केलेला खर्च किमतीतून वजा होतो. दलाली त्यात मोडते, जाहिरात व वकिलाची फीही मोडते. मालकाने स्वतः खर्ची घातलेला वेळ, कामावरील बुडालेले दिवस, रिकाम्या घरामुळे बुडालेले व्याज यांची मात्र कोणतीही वजावट मिळत नाही. पावती असलेल्या खर्चाचा काही भाग सरकार सोसते, पावती नसलेला खर्च संपूर्णपणे मालकाच्या अंगावर पडतो. म्हणजे करव्यवस्थेचा कल या बाबतीत अल्पसा का होईना, दलालाच्या बाजूने आहे.

मालकाकडे येणारी कामे

पहिले काम किंमत ठरविण्याचे. शेजारच्या इमारतीत "एवढ्याला गेली" असे जे कानी येते ते बहुधा मागितलेल्या किमतीविषयी असते, मिळालेल्या किमतीविषयी नसते. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता हा शुल्क-आकारणीसाठी असतो. तो इमारतीचे वय काही प्रमाणात विचारात घेतो, पण मजल्यावरचा उजेड, पाण्याची स्थिती अथवा संस्थेतील तंटे यांची त्याला दखल नसते. तरीही त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण मुद्रांक मूल्य हे ठरलेल्या किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक असेल तर कराच्या हिशेबात तेच मूल्य विक्रीची किंमत म्हणून धरले जाते. अधिक उपयुक्त साधन म्हणजे नोंदणी विभागाची सूची क्रमांक दोन. तीत नोंदलेल्या प्रत्येक दस्ताचा मोबदला, क्षेत्रफळ व तारीख असते आणि ती विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. एकाच इमारतीतील वा गल्लीतील अलीकडचे पाचसहा दस्त काढून दर चौरस फुटाचा भाव ताडून पाहणारा मालक दलालाच्या माहितीचा बराचसा भाग स्वतःच मिळवितो. दस्तात दाखविलेला मोबदला नेहमीच संपूर्ण असतो असे नाही, ही मर्यादा अर्थातच मान्य केली पाहिजे.

दुसरे काम ग्राहक शोधण्याचे. जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ साली माहितीच्या अर्थशास्त्रावरील निबंधात दाखविले की, शोध चालू ठेवण्याने मिळणारा अपेक्षित लाभ व शोधाचा वाढीव खर्च समान होतील तेथे शोध थांबविणे योग्य ठरते. दलालाकडे एकाच वेळी अनेक घरे व अनेक ग्राहक असल्याने त्याचा प्रत्येक भेटीमागील खर्च विभागला जातो. मालकाला तो एकाच घरावर सोसावा लागतो. संकेतस्थळांमुळे जाहिरात स्वस्त झाली आहे. परंतु जाहिरात वाचून येणाऱ्यांतून खरा ग्राहक निवडण्याचे श्रम तितकेसे कमी झालेले नाहीत. फोन करणाऱ्यांत कित्येक स्वतःच दलाल असतात, कित्येकांची केवळ चौकशी असते. दलालाविना व्यवहार हेच ज्या सेवेच्या नावात आहे ती 'नोब्रोकर' कंपनी २०१४ मध्ये स्थापन झाली; तीही जादा सेवांसाठी शुल्क घेते. याचा अर्थ असा की, मध्यस्थाचे काम तुकड्यातुकड्यांनी विकत घेण्याची सोय झाली आहे. ते काम उरले नाही असे झालेले नाही.

तिसरे काम विश्वास निर्माण करण्याचे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने असे दाखविले की, वस्तूचा दर्जा विक्रेत्यास ठाऊक पण ग्राहकास अज्ञात असेल तर ग्राहक सर्वच वस्तूंना कमी लेखतो व चांगल्या वस्तूंचे मालक बाजारातून मागे हटतात. जुन्या घराची स्थिती यापेक्षा फारशी वेगळी नाही. भिंतीतील ओल पावसाळ्याखेरीज दिसत नाही. शीर्षकातील दोष तर कागद चाळल्याखेरीज कधीच दिसत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विक्रेत्यावर असे दोष उघड करण्याचे बंधन घालते, आणि हे बंधन दलाल नेमल्याने कमी होत नाही की न नेमल्याने वाढत नाही. दलालाविना विकणाऱ्याने मूळ करारांची साखळी, भाग प्रमाणपत्र, संस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ताकराच्या पावत्या आणि वकिलाचा शीर्षक-शोध अहवाल हे सर्व जाहिरातीच्या आधीच तयार ठेवले तर मध्यस्थाच्या शब्दाची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. यास काही हजार रुपये लागतात. परंतु या मार्गातील सर्वांत फलदायी खर्च हाच होय.

चौथे काम सौदा तडीस नेण्याचे. खरेदीदार बहुधा बँकेचे कर्ज घेतो. विक्रेत्याचेही जुने कर्ज शिल्लक असू शकते. अशा वेळी मूळ कागद एका बँकेकडून सुटणे, दुसऱ्या बँकेने रक्कम देणे, दुय्यम निबंधकासमोर सर्वांनी उपस्थित राहणे आणि ताबा देणे यांचा मेळ घालावा लागतो. इसार घेतल्यानंतर कर्ज नामंजूर झाले तर काय, याचे उत्तर साठेखतात लिहिलेले नसले तर दोन्ही पक्ष अडकतात. करारात जप्तीची मोठी रक्कम लिहून ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निर्णयात स्पष्ट केले की, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ खाली लिहिलेली रक्कम सरसकट मिळत नसून वाजवी भरपाईच मिळू शकते. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून मनाई आहे, हेही इसारपावती करताना विसरता कामा नये.

याशिवाय एक धोका खास या मार्गातला आहे. पूर्वी एखाद्या दलालाने दाखविलेल्या ग्राहकाशीच मालकाने पुढे परभारे व्यवहार केला तर, सौदा मुळात कोणामुळे जुळला या मुद्द्यावर दलालीचा दावा उभा राहू शकतो. म्हणून कोणते ग्राहक कोणामार्फत आले याची तारखेसह नोंद ठेवणे हिताचे.

एक काल्पनिक हिशेब

वरील विवेचन आकड्यांत मांडून पाहण्यासाठी पुण्यातील ८०,००,००० रुपये किमतीची एक रिकामी सदनिका कल्पू. पुढील आकडे केवळ उदाहरणार्थ घेतलेले आहेत. दलाली दोन टक्क्यांनी १,६०,००० रुपये व तीवर १८ टक्के कर २८,८०० रुपये, मिळून १,८८,८०० रुपये. मालकाने स्वतः विक्री केल्यास जाहिरातीस १०,००० व वकिलाच्या जादा कामास २०,०००, असे ३०,००० रुपये धरू. सकृद्दर्शनी बचत १,५८,८०० रुपयांची दिसते. परंतु नफ्यावर १२.५ टक्के कर द्यावा लागणार असेल तर दोन्ही खर्च वजावटीस पात्र असल्याने, दलाली टाळल्यामुळे करपात्र नफा तेवढाच वाढतो व १९,८५० रुपये अधिक कर भरावा लागतो. उपकर बाजूस ठेवला तरी खरी बचत १,३८,९५० रुपयांवर येते. नफा नव्या घरात गुंतवून करमाफी घेणाऱ्यास मात्र हा फरक पडणार नाही.

आता विलंबाचा विचार करू. ८०,००,००० रुपयांवर सालीना सात टक्के व्याज धरले तर ते दरमहा सुमारे ४६,७०० रुपये होते. संस्थेची देखभाल वर्गणी ३,००० रुपये मिळविली की रिकामे घर दरमहा सुमारे ४९,७०० रुपये खाते. दलालामार्फत विक्री होण्यास जेवढा काळ लागला असता त्यापेक्षा अवघे पावणेतीन महिने अधिक लागले की वरील बचत संपूर्णपणे नाहीशी होते. दलाली दोन टक्क्यांऐवजी एक टक्का असेल तर ही मुदत सव्वा महिन्याच्याही आत येते. घरात मालक स्वतः राहत असेल, भाडे मिळत असेल अथवा भाव चढत असतील तर विलंबाचा भार अर्थातच हलका होतो आणि मुदत लांबते.

किमतीच्या बाजूने पाहिले तर हाच निष्कर्ष अधिक ठळक होतो. अज्ञानामुळे वा घाईमुळे सदनिका १,५८,८०० रुपयांनी, म्हणजे दोन टक्क्यांहूनही किंचित कमी फरकाने, स्वस्त विकली गेली तरी बचत शून्य होते. ज्या बाजारात शेजारशेजारच्या दोन सदनिकांच्या भावांत पाच टक्क्यांचे अंतर सहज पडू शकते तेथे दोन टक्क्यांची चूक ही असाधारण म्हणता येणार नाही.

खरेदीदारालाही हे गणित कळते. दोन्ही पक्ष दलाली देणार असते तर एकूण चार टक्के मध्यस्थाकडे गेले असते. परभारे व्यवहारात ही रक्कम उभयतांत वाटली जाते. "तुमची दलाली वाचली, तेवढे कमी करा" ही मागणी म्हणूनच जवळजवळ प्रत्येक सौद्यात पुढे येते. वाटणी कशी होईल हे गरजेच्या तीव्रतेवर अवलंबून असते. ज्याला घाई अधिक त्याच्या वाट्याला बचत कमी.

दलालाचे हित व मालकाचे हित

येथवरच्या हिशेबावरून दलाल नेमणेच शहाणपणाचे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दलालाची माहिती मालकाहून अधिक असते. ती तो मालकाच्या हितासाठीच वापरील अशी हमी नसते. वरील सदनिका आणखी एक महिना थांबून एक लाख रुपये अधिक किमतीस जाणार असेल तर त्यातील ९८,००० रुपये मालकाचे व केवळ २,००० रुपये दलालाचे. महिनाभराच्या जादा श्रमांसाठी हा मोबदला तुटपुंजा असल्याने, आज आलेला ग्राहक स्वीकारावा असा सल्ला देण्याकडे दलालाचा स्वाभाविक कल असतो. त्यात लबाडी असतेच असे नाही. मोबदल्याच्या रचनेतूनच हा कल उद्भवतो.

स्टीव्हन लेव्हिट व चॅड सिव्हरसन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे मोजमाप केले आहे. अमेरिकेतील शिकागो परिसरातील जवळजवळ एक लाख घरविक्रींची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी सुमारे ३,३०० घरे दलालांच्या स्वतःच्या मालकीची होती. इतर वैशिष्ट्ये समान धरल्यावर दलालांची स्वतःची घरे सुमारे ३.७ टक्के अधिक किमतीस गेली व सरासरीने साडेनऊ दिवस अधिक काळ बाजारात राहिली, असे आढळून आले. म्हणजे थांबण्याचे मोल दलालास पुरेपूर ठाऊक होते.

डग्लस बर्नहाइम व जोनाथन मीर यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातील घरांविषयी आहे. तेथील घरे विद्यापीठाशी संबंधित अशा मर्यादित वर्गालाच विकता येतात आणि घरांची यादी दलालाशिवायही सर्व संभाव्य ग्राहकांपर्यंत पोहोचते. अशा स्थितीत दलाल नेमल्याने किंमत ५.९ ते ७.७ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांना दिसले. याउलट इगाल हेंडेल, अव्हिव्ह नेव्हो व फ्रान्स्वा ऑर्तालो-माग्ने यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन या शहराच्या खुल्या बाजाराचा अभ्यास करून २००९ मध्ये असे दाखविले की, दलालांच्या सामाईक यादीत घर घातल्याने लक्षणीयरीत्या अधिक किंमत मिळते याला आधार नाही. मात्र घर लवकर विकले जाते.

हे निष्कर्ष अमेरिकेतील आहेत. तेथे दलालीचा रूढ दर एकूण पाच ते सहा टक्के असे आणि दलालांची सामाईक यादी ही संस्था भारतात त्या स्वरूपात नाही. म्हणून आकडे जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. त्यांतून निघणारे तत्त्व मात्र येथेही लागू पडते : मध्यस्थ मुख्यतः वेळ विकतो, किंमत वाढवून देतोच असे नाही, आणि ग्राहकवर्ग आधीच ओळखीचा व मर्यादित असेल तेथे त्याची उपयुक्तता फार कमी होते.

कोणत्या स्थितीत काय हितावह

या तत्त्वाचा उपयोग मराठी शहरांतील परिचित परिस्थितींना करून पाहता येतो. बँक-कर्मचाऱ्यांच्या वा प्राध्यापकांच्या जुन्या गृहसंस्थांत नवी सदनिका बहुधा सभासदांच्या नातेवाइकांना अथवा परिचितांनाच हवी असते. इमारतीच्या सूचनाफलकावरील एक कागद तेथे जाहिरातीचे काम करतो, शीर्षकाविषयी सर्वांस माहिती असते व भावही लपून राहत नाही. अशा ठिकाणी दलालाविना विक्रीचा खर्च अत्यल्प असतो व दलाली बहुतांशी वाचतेच. मालक त्याच घरात राहत असेल तर विलंबाचाही भार पडत नाही.

याच्या उलट टोकास परदेशी स्थायिक झालेली मुले व त्यांचे पुण्यातील वा ठाण्यातील बंद घर. भेटी दाखविण्यास कोणी नाही, रिकाम्या घराचा मासिक भार चालू, कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार करावयाचा, शिवाय अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत करकपातीचे नियम अधिक कडक. येथे दलाल वगळणे म्हणजे ते काम एखाद्या नातेवाइकाच्या गळ्यात घालणे होय. त्याचे श्रम हिशेबात धरले जात नाहीत एवढेच. मधल्या परिस्थितींत ठराविक काळ स्वतः प्रयत्न करून, रिकाम्या घराचा मासिक भार व अपेक्षित दलाली यांच्या भागाकाराने जी मुदत निघेल तिच्या आत यश न आल्यास मध्यस्थाकडे जाणे, हा व्यवहार्य मार्ग होय. ही मुदत आरंभीच ठरविणे आवश्यक आहे, कारण गुंतलेल्या श्रमांमुळे ती पुढे पुढे ढकलण्याचा मोह होतो.

समारोप

दलालाविना घरविक्रीचा खर्च ही एक ठरीव रक्कम नसून विक्रेत्याजवळ असलेल्या माहितीच्या व्यस्त प्रमाणात बदलणारी बाब आहे. ज्याला भाव, ग्राहक व कागदपत्रे यांची माहिती आधीच आहे त्याला दलाली हा अनावश्यक भुर्दंड ठरतो. ज्याला ती नाही तो दलाली वाचवून तिच्याहून अधिक रक्कम किमतीत वा विलंबात गमावू शकतो, आणि गमावल्याचे त्याला कळतही नाही. दलालीची पावती असते. स्वस्तात गेलेल्या घराची पावती नसते.

यातून सार्वजनिक धोरणाचाही एक प्रश्न पुढे येतो. माहितीची किंमत हीच जर दलाली असेल तर ती कमी करण्याचे सर्वांत परिणामकारक साधन नोंदणी विभागाच्या दप्तरात पडून आहे. सूची क्रमांक दोन मधील नोंदी दस्तागणिक शोधाव्या लागतात; त्याच इमारतनिहाय, क्षेत्रफळासह व सहज वाचता येतील अशा रीतीने प्रसिद्ध झाल्या तर प्रथमच घर विकणाऱ्या निवृत्त कारकुनाला आज केवळ मुरलेल्या मध्यस्थालाच ठाऊक असलेला भाव कळू शकेल. तसे झाल्यावर दलाल नेमावा की नाही हा निर्णय अज्ञानापोटी न होता खऱ्या तुलनेने होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एखाद्या गृहसंस्थेतील गेल्या दशकभराच्या नोंदी गोळा करून, दलालामार्फत व परभारे झालेल्या विक्रींची किंमत व कालावधी यांची तुलना करता येण्यासारखी आहे. अमेरिकेतील निष्कर्षांची येथील परिस्थितीत पारख व्हावयाची असेल तर ती अशा लहान पण काटेकोर पाहण्यांतूनच होऊ शकेल.